अठरा किलो नऊशे ग्रॅम

आमच्या माळ्यावर पुठ्ठ्याच्या एका खोक्यात दोन हेडलाइट पडून आहेत. जर्मनीहून आलेले, कोरे करकरीत, काचेवर साधा चरा नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवला की बायको दरवर्षी विचारते, "हे पंचवीस हजार यंदा तरी भंगारात घालायचे का?" मी म्हणतो, राहू देत. ती खोक्यावरची धूळ पुसते आणि परत ठेवते. तिलाही ते टाकवत नाहीत, पण विचारायचा हक्क ती सोडत नाही.

गाडी आप्पांची, माझ्या वडिलांची. मित्सुबिशी लान्सर, पेट्रोल, २००१ चं मॉडेल, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची. हिंदुस्थान मोटर्सनं १९९८ पासून ही गाडी चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूरला बनवायला घेतली होती. आप्पांनी ती ताराबाई पार्कातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळायचीही पंचाईत होती. उद्यमनगरात आप्पांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. चांगल्या यंत्राचं त्यांना जे कौतुक असायचं ते देवळातल्या मूर्तीचंसुद्धा नसायचं. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात आली की सगळे गाडीतल्या महाराजांकडे बघायचे, आप्पा बॉनेटकडे.

आप्पा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक लाल पुठ्ठ्याची वही. त्यात किलोमीटर, तारीख, काय बदललं, किती पैसे, आणि प्रत्येक नोंदीपुढे एक लांबलचक नंबर. काहींच्या सुरुवातीला एमडी, काहींच्या एमबी, काहींच्या एमआर. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मला ते नंबर बीजमंत्रासारखे वाटायचे. त्यांचा उपयोग कळायला पंचवीस हजार घालवावे लागले.

झालं असं की हेडलाइटच्या आतल्या आरशाची चकाकी उडाली. रात्री रस्त्यावर मेणबत्ती धरल्यासारखा उजेड. कोल्हापुरात मिळेनात, पुण्यात मिळेनात. एका रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडे जोडी दिसली. ९० युरो. म्हणजे आठ हजार रुपये. इथं एका जुन्या दिव्याचे लोक सहा हजार मागत होते. मी मागचापुढचा विचार न करता पैसे भरून टाकले.

पहिला दणका वजनाचा. दिव्यांचं खरं वजन जेमतेम सहा किलो. पण कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५,००० नं भागतात. येईल तो आकडा आणि खरं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. माझं खोकं ६० बाय ४५ बाय ३५. गुणून भागून अठरा किलो नऊशे ग्रॅम. तेरा किलो हवेचं भाडं मी भरलं. एकूण ११,५०० रुपये. मालापेक्षा भाडं दीडपट.

दुसरा दणका कस्टमचा, पण तो मला वाटला होता त्यापेक्षा हलका होता. शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नसतं. माल, विमा आणि भाडं या तिन्हींच्या बेरजेवर असतं. मात्र विमानानं आलेल्या मालाचं भाडं कितीही झालेलं असो, शुल्क काढताना ते मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही, असं २००७ च्या मूल्यांकन नियमांत आहे. माझ्या साडेअकरा हजारांतले सोळाशेच धरले गेले. तरी शुल्क ४,७६० रुपये आलं. वर कुरिअरवाल्यानं माझ्या वतीनं ते आधी भरलं म्हणून त्याचे सातशे. एकूण २४,९६०. चाळीस रुपये वाचले म्हणायचे.

आणि तिसरा दणका टिंबर मार्केटजवळच्या आमच्या मेस्त्रींच्या शेडमध्ये बसला.

संध्याकाळ झाली होती. मेस्त्रींनी दोन्ही दिवे बसवले, गाडी भिंतीपासून पंधरा फुटांवर उभी केली, डिपर टाकला आणि खिशातून खडू काढला. भिंतीवर उजेडाची वरची कडा सरळ आडवी गेली होती आणि मधोमध पोचल्यावर उजवीकडे तिरकी वर चढली होती. मेस्त्रींनी त्या कडेवरून खडू फिरवला. एक आडवी रेघ, मग वर जाणारी. जिन्याची पहिली पायरी काढावी तशी.

"सर, ह्ये उजव्या अंगाला वर चढायलंय बगा."

"मग?"

"मग काय, समोरच्याच्या डोळ्यात जानार की. आपल्यात उजेड डावीकडं वर पायजे, कडंचा मानूस दिसायला. ह्ये तिकडचं हाय, उजव्या बाजूनं गाड्या चालवत्यात तितलं."

त्या दिव्यांची घडणच तशी होती. बल्ब फिरवून, स्क्रू आवळून काही झालं नाही. परत पाठवायचं भाडं कुणी भरायचं यावर विक्रेत्याशी दोन पत्रं झाली आणि मी नाद सोडला. खडूची ती रेघ मेस्त्रींच्या भिंतीवर पुढं कितीतरी महिने होती. नवीन गिऱ्हाईक आलं की ते तिच्याकडं बोट करून माझी गोष्ट सांगायचे, आणि मी तिथं हजर असलो तरी थांबायचे नाहीत.

लाज वाटली म्हणून असेल, पण तिथून पुढं मी लाल वही घेऊन बसायला लागलो. वहीत एका पानावर आप्पांनी पेन्सिलनं लिहिलं होतं: "इंजिन ४जी१५. प्रोटॉनलाही हेच." त्याखाली दोन रेघा. प्रोटॉन म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं, ती मलेशियाची गाडी. तिथल्या सरकारनं मित्सुबिशीला हाताशी धरून कारखाना काढला, आणि प्रोटॉनच्या विरा नावाच्या मॉडेलात हेच दीड लिटरचं इंजिन वर्षानुवर्षं बसवलं. आपल्याकडं जी गाडी श्रीमंतांची म्हणून मिरवली तिचं इंजिन मलेशियात घरोघरी. आणि मलेशियात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात.

जपानच्या दुकानात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपची जी किंमत होती तिच्या तिसऱ्या हिश्शात ती क्वालालंपूरजवळच्या दुकानात मिळाली. गॅस्केटचा सेट, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सगळंच तसं. मात्र डोळे मिटून नाही. एकाच इंजिनाच्या कार्बोरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या अवतारांत फरक असतात. कॅप घेताना टर्मिनल कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते फोटो शेजारी ठेवून ताडलं. क्लच प्लेटच्या वेळी मेस्त्रींनी जुनी प्लेट काढून व्यास मोजला, मधल्या भोकाचे दात मोजले आणि मलाही मोजायला लावले. दोघांचा आकडा जुळल्यावरच, "आता लावा फोन."

या दुकानदारांकडून आणखी एक गोष्ट कळली. गाडीची कंपनी सगळे भाग स्वतः करत नाही. क्लच एक करतो, प्लग दुसरा, बेअरिंग तिसरा. तोच भाग गाडीच्या नावाच्या खोक्यात आला की महाग, आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की स्वस्त. आयसिन, डेन्सो, एनजीके ही नावं खोक्यावर दिसली की मी गाडीच्या कंपनीचं नाव शोधत बसत नाही. काही युरोपीय गाड्यांच्या सस्पेन्शनच्या भागांवर तर गाडीचं चिन्ह घासून काढल्याची खूण स्पष्ट दिसते, बाकी नग तोच. आप्पांना हे कधीपासूनचं ठाऊक असणार. त्यांच्या वर्कशॉपमधून जाणारा माल तरी कुठं त्यांच्या नावानं विकला जायचा?

शुल्काचंही थोडं शिकलो. मोटारीचे बरेच सुटे भाग कस्टमच्या यादीत ८७०८ या शीर्षकाखाली येतात. मी मागवायला लागलो तेव्हा हिशोब असा होता: मूळ शुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर २८ टक्के जीएसटी. दहा हजारांच्या मालावर ४,९१२ रुपये. पण पार्सल एखाद्या माणसाच्या नावानं आलं की कुरिअरचा एजंट ते सरळ ९८०४ मध्ये, म्हणजे 'वैयक्तिक वापराचा माल' म्हणून टाकून मोकळा व्हायचा. तिथं मूळ शुल्कच ३५ टक्के होतं. त्याच दहा हजारांवर ७,७२८. एकदा असं झाल्यावर मी पुढच्या वेळी माल निघायच्या आधीच कुरिअरला बिल, भागाचा नंबर, तो गाडीत कुठं बसतो याचं चित्र आणि ८७०८ हा आकडा कळवून ठेवला. दर वेळी ऐकलं असं नाही, पण निम्म्या वेळी ऐकलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेव्हा ८७०८ चा तोच हिशोब ३,७४७ वर आला. हे दर बदलत राहतात, म्हणून मागवायच्या आधी त्या आठवड्याचा दर बघायची सवय लागली आहे. बायको शेअर बाजार बघते, मी कस्टमचे दर.

विक्रेते फार प्रेमळ असतात. एकानं स्वतःहून विचारलं, "भेट म्हणून लिहू का? किंमत दहा डॉलर टाकू का?" खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. पण डिसेंबर २०१९ पासून शुल्क न भरता भेट म्हणून माल मागवायची वाटच बंद आहे. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सूट. आणि किंमत खोटी लिहिली की कस्टम कायद्यानं माल जप्त होऊ शकतो, दंड वेगळा. तिसरं एक कारण मला जास्त पटलं. पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई दहा डॉलरचीच मिळणार. जुन्या भागांचंही तसंच. मलेशियात अख्खी गाडी मधून कापून 'हाफ-कट' म्हणून विकतात, फोटो बघून तोंडाला पाणी सुटतं. पण वापरलेल्या मालाच्या आयातीला आपल्याकडं परवाना लागतो. ते फोटो मी नुसते बघतो.

कार्डाचाही एक चोरखिसा आहे. परदेशी चलनात पैसे भरले की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी. वेबसाइट "रुपयांत भरा" असं गोड विचारते तेव्हा तर हटकून आणखी महाग पडतं. आता मार्कअप कमी असलेलं एक कार्ड फक्त यासाठी ठेवलं आहे.

पण खरी बचत कुठं झाली ते सांगायचं तर परदेश सोडून शाहूपुरीत यावं लागेल.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, किरकिर करायला लागला. जपानच्या साइटवर त्याचं बेअरिंग 'अस्सल' म्हणून १,८०० रुपयांना, भाडं वेगळं. मी मागवायच्या तयारीत. मेस्त्रींनी जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, अंगठ्यानं कडेची काळी पट्टी घासली आणि बारीक कोरलेला आकडा दाखवला. ६३०३. "ह्येचं पासपोर्ट हितंच हाय," म्हणाले. आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. जगात कुठंही जा, ६३०३ म्हणजे हेच माप. पंपात तेच, मोटारीत तेच. शाहूपुरीतल्या बेअरिंगच्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "शील्ड का रबर?" साडेतीनशे रुपये. चांगल्या कंपनीचं, पक्क्या बिलासकट. ऑइल सीलवरही असंच तिन्ही मापं लिहिलेली असतात. वही उघडून पाहिली तर आप्पांनी अल्टरनेटरच्या नोंदीपुढे लांबलचक नंबर लिहिलाच नव्हता. फक्त '६३०३, शाहूपुरी'. डोळ्यासमोर असून मी वाचलं नव्हतं.

मग चाकाच्या खालच्या आर्मचे रबरी बुश गेले. खड्ड्यात गाडी गेली की 'टक्' असा आवाज. मलेशियात गाडीचा सांगाडा थोडा वेगळा, बुश जुळत नव्हते. जपानहून चार बुश भाड्यासकट नऊ हजारांवर जात होते. मी आप्पांच्या ओळखीच्या एका रबर मोल्डिंगवाल्याकडं उद्यमनगरात गेलो. छोटीशी शेड, आत गरम रबराचा तो जळकट गोडसर वास, प्रेसच्या बाजूला चहाचे पेले. त्यांनी जुना बुश हातात घेतला, व्हर्नियर लावलं, आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिले. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवलं आणि खूण किती वेळात भरून येते ते बघत बसले. बोलले नाहीत. दुसरीकडं नख रुतवलं. परत बघत बसले.

"किती कडक ठेवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मूळ होतं तसं."

"मूळ कसं होतं ते ह्यो कुठं सांगतोय आता? वीस वर्सं तेल प्यालाय."

डाय, म्हणजे साचा, करायला १,२०० आणि बुश ८० रुपये नग. पहिले चार इतके कडक झाले की रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो तर दाढा हलल्यासारख्या वाटल्या. दुसरी खेप मऊ केली, ती जमली. पुढं तीच डाय वापरून त्यांनी सांगलीच्या एका लान्सरवाल्याला आणि निपाणीच्या एकाला बुश करून दिले, आणि मला न विचारता डायचे चारशे रुपये परत पाठवले.

त्याच दिवशी शेडच्या बाहेर एक टेम्पो उभा होता. शिरोलीच्या एका फौंड्रीतून आलेलं ओतकाम, मशिनिंगला निघालेलं. करड्या लोखंडाचे जड गोळे, लाकडी पेट्या, पेट्यांवर स्टेन्सिलनं परदेशी बंदराचं नाव. ड्रायव्हर बिडी ओढत होता. मी विचारलं, हे कशाचं? म्हणाला, "गाडीचं कायतरी हाय. जातंय भायेर." शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडून असं ओतकाम वर्षानुवर्षं देशभरातल्या आणि बाहेरच्या गाड्यांना जातं हे मला ऐकून माहीत होतं. पण हातात चार बुशची पिशवी धरून ती पेटी बघताना मला त्या जर्मन दिव्यांची आठवण झाली आणि मी उगाचच पेटीची लांबी-रुंदी नजरेनं मोजायला लागलो. समुद्रानं जाणाऱ्या मालाला ५,००० चा भागाकार लागत नाही, हे नंतर आठवलं.

क्लच मात्र मलेशियाचाच घ्यायचा ठरला आहे. पूर्वीची प्लेट एकटी मागवली होती, आता प्रेशर प्लेटही गेली. सुदैवानं ताईचा मुलगा वर्षभरापूर्वी नोकरीसाठी क्वालालंपूरला गेला. विमानानं येणाऱ्या भारतीय प्रवाशाला सोबतच्या सामानावर २०२६ च्या नियमांप्रमाणे ७५,००० रुपयांपर्यंत शुल्कमाफी आहे, हे मी त्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, स्कॅनरमध्ये ते लोखंडी ताट बघून मला बाजूला घेतील." घेऊ देत. बिल वर ठेव, लपवू नकोस, विचारलं तर आमच्या आप्पांच्या गाडीचं आहे म्हणून सांग. त्यानं दुकान शोधलं, फोटो पाठवला. मी दात मोजले. मेस्त्रींनी फोटो मोठा करून पुन्हा मोजले.

काल ताईचा फोन आला. "दादा, पोरगं दिवाळीला येतंय आणि तू त्याच्या बॅगेत लोखंड भरायला लावलंयस म्हणे?"

"पाच किलोच्या आसपास आहे गं."

"येताना आण म्हणावं. पण जाताना ती जागा माझी. चकली, चिवडा, आणि भडंग. मित्रांना द्यायचंय त्याला. बरोब्बर पाच किलो, एक ग्रॅम कमी नाही चालायचा."

मी म्हटलं, चिवडा आणि भडंग फुगीर असतं, त्याचा आकार मोठा होतो. ताई म्हणाली, "म्हणजे?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "काही नाही वन्सं, ते दिव्यांचं बोलतायत," म्हणाली, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर काढून ठेवला.